भेगेनं खंड फाटत नसतो, गुरुजी

उदगीरकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींनी विचारलंय, तो प्रश्न आधी सांगतो. पोरांनी मोबाईलवर केनियातल्या भेगेचा व्हिडिओ दाखवला, डांबरी रस्ता मधोमध चिरलेला, आणि म्हणाली गुरुजी आफ्रिका फाटायलीय, मग उन्हाळ्यात आपल्या रानात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतेत त्या काय हायेत, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा पण जमीन हललीच की, म्हंजे मराठवाडा पण फाटणार का. आणि गुरुजींचं स्वतःचं म्हणणं असं की पुस्तकात 'खचदरी' एवढा एक शब्द देऊन मोकळे होतेत, पण खंड नेमका तुटतो कसा, तुटल्यावर किनारा कसा होतो, आणि आपला कोकण किनारा असाच झालाय का.

मी तीसेक वर्षं समुद्राखालचे थर वाचायचं काम केलं, तेल शोधणाऱ्यांसाठी. बोटीवरून पाण्यात हवेचा दणका मारायचा, त्याचे पडसाद खालच्या थरांवरून परत येतात ते नोंदवायचे आणि मग त्या रेघांवरून खाली काय आहे ते ओळखायचं, ह्याला सिस्मिक म्हणतेत. मूळचा मी अंबाजोगाईकडचा, त्यामुळं काळ्या मातीतल्या भेगा मला पण चांगल्याच माहितीयत, लहानपणी एकीत चप्पल गेली होती ती अजून सापडली नाही.

तर आधी व्हिडिओचं उरकून टाकू. ती भेग २०१८ च्या मार्चमधली, माई माहिउ ते नारोक रस्त्याजवळची. तिकडं जोराचा पाऊस झाला होता. तो भाग खचदरीतलाच आहे हे खरं, पण वरची माती म्हंजे जुन्या ज्वालामुखीची राख, भुसभुशीत, पाण्यानं ती आतून वाहून गेली आणि वरचं छत कोसळलं. बहुतेक भूगर्भवाल्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की ही धूप आहे, खंड फुटलेला नाही, पण ते कोण ऐकतंय, "आफ्रिकेचे दोन तुकडे" हे हेडिंग जास्त चालतं. आपल्या रानातल्या भेगा तर अजून वेगळ्या, काळी माती पाणी पिली की फुगते आणि वाळली की आकसते, बास. दोन-चार फूट खाली गेलं की भेग संपली. खंडाचं कवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड असतं, आणि त्याच्याखाली जो दगडाचा जाड थर असतो, प्रावरण, त्याचा थंड कडक भाग धरला तर सगळी पाटी, म्हंजे प्लेट, शंभर-सव्वाशे किलोमीटर, कुठंकुठं त्याहून जास्त. ती अशी चिरत नाही.

मग कशी तुटते? गुरुजी, ती आधी ताणली जाते. तुटणं हा शेवटचा प्रकार आहे, त्याच्याआधी कोटी-दोन कोटी वर्षं, कधी कधी त्याहून कितीतरी जास्त, नुसतं ताणणं चाललेलं असतं.

घरी करून बघा. ज्वारीच्या पिठाचा उंडा करा, खालून चांगला ओला आणि वरून कोरडं पीठ लावून थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा म्हंजे वरची साल वाळते. आता दोन्ही हातानी हळूहळू ओढा. वरची साल चिरते, तुकडे होतेत, एकेक तुकडा कलंडून शेजारच्यावर रेलतो. खालचा ओला भाग चिरत नाही, तो नुसता बारीक होत जातो, कंबर पडल्यासारखा. खंडाचं अगदी असंच. वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा भाग थंड, कडक, तो भ्रंशांनी, म्हंजे ज्यांच्यावरून दगड सरकतो अशा चिरांनी, तुटतो आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली सरकतो, पुस्तकातली खचदरी ती हीच. खालचा भाग तापलेला असतो, तो गुळाच्या पाकासारखा ताणला जातो. सिस्मिकवर हे तुकडे इतके छान दिसतात की काय सांगू, कपाटात पुस्तकं ठेवली आणि एका बाजूनं आधार काढला तर ती कशी ओळीनं कलंडतेत तशी ओळ, आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या खोबणीत पाचरीसारखा गाळ भरलेला, भ्रंशाच्या बाजूला जाड आणि लांब गेला की बारीक. ती पाचर दिसली की ओळखायचं, हा गाळ जमीन फाटत असतानाच भरलाय. तिच्यावरून सपाट थर आडवे गेलेले दिसले की समजायचं, इथं फाटणं थांबलं आणि पुढचा अध्याय सुरू झाला.

आता एक प्रश्न पोरं हमखास विचारतील, की ओढल्यावर जमीन खाली कामून जाते? कारण खंडाचं कवच हलकं असतं, खालचं प्रावरण जड. घन सेंटीमीटरला कवच साधारण २.८ ग्रॅम, प्रावरण ३.३. लाकडाचा जाड ओंडका पाण्यावर उंच तरंगतो आणि पातळ फळी पाण्याला टेकून राहते, तसं कवच पातळ झालं की त्याची उंची कमी होते. कवच ताणून निम्मं केलं तर जमीन समुद्रसपाटीच्या खाली जाते आणि पाणी आत येतं. १९७८ मध्ये डॅन मॅकेंझी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं ह्याचं सोपं गणित मांडलं, त्यावर आमच्या धंद्याची भाकरी चालली म्हटलं तरी हरकत नाही. त्यानं सांगितलं की जमीन दोनदा खचते. पहिल्यांदा ताणताना, कवच पातळ झालं म्हणून, हे भराभर होतं. आणि दुसऱ्यांदा ताणणं संपल्यावर. ताणताना खालचं तापलेलं प्रावरण वर आलेलं असतं, ते पुढं हळूहळू थंड होतं, थंड झालं की आकसतं आणि जड होतं, आणि किनाऱ्याचा सगळा भाग त्याच्याबरोबर खाली बसत जातो. हे बसणं पाच-सहा कोटी वर्षं झाली तरी पुरतं संपत नाही, सुरवातीला जोरात आणि नंतर मंद मंद.

ह्याचा पुरावा आपल्या दारातच आहे. मुंबई हाय. १९७४ मध्ये सागर सम्राट जहाजावरून तिथं तेल लागलं, मुंबईपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आत. ते तेल मुख्यतः चुनखडकात आहे, आणि तो चुनखडक उथळ, उन्हं पोचतील अशा पाण्यात तयार झालेला. आज तो हजार-दीड हजार मीटर खाली आहे. कुणी ढकलला नाही, तळ बसत गेला, वर गाळ साचत गेला, गाळाच्या वजनानं अजून बसला. आणि त्या सगळ्याच्या बुडाला काय आहे माहितीय का, आपलाच काळा दगड. अंबाजोगाईला विहीर खणताना लागतो तोच बेसाल्ट. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा लई गंमत वाटली होती, गावाकडचा माणूस परगावी भेटावा तशी.

पण गंमत वाटणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, त्याची एक फजिती सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पश्चिमेच्या खोल पाण्यातली सिस्मिकची एक लाइन माझ्या टेबलावर आली, तेव्हा कागदाची भली मोठी गुंडाळी असायची, टेबलावर पसरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि रंगीत पेन्सिलीनं थर रंगवायचे. मला त्यात समुद्राकडं कललेल्या रेघांचा एक सुरेख पंखा दिसला, वर उतार कमी, खाली जावं तसा उतार जास्त. मी पिवळी पेन्सिल घेतली, पिवळी म्हंजे वाळू, आणि सगळा पंखा पिवळा करून टाकला, म्हटलं नदीच्या मुखाची वाळू आहे, तेलाला झकास. सिनिअर साहेब आले, चष्मा कपाळावर सारून वाकून बघितलं आणि म्हणाले, "तू मराठवाड्याचा ना? मग हे तुला ओळखू येईना होय?" ते सगळे लाव्ह्याचे थर होते. माझ्या गावच्या टेकडीला पायऱ्या पायऱ्या दिसतेत ना, कडक थर, मग मांजऱ्या म्हंजे भोकाभोकाचा मऊ दगड, मध्येच तांबडी माती, परत कडक, तेच होतं ते, फक्त कललेलं आणि हजारो मीटर जाड. पिवळं खोडून काढताना कागद फाटला तो वेगळाच.

हा पंखा का होतो ते सांगतो कारण फुटण्याची खरी गोष्ट इथं आहे. पाटी पातळ होत गेली की खालचं गरम प्रावरण वर येतं. वर आल्यावर त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की ते जास्त न तापवताही वितळायला लागतं. कुकरची शिटी काढल्यावर आतलं पाणी एकदम खळखळून उकळतं, तिथं पाण्याची वाफ होते आणि इथं दगडाचा रस होतो एवढाच फरक, दाब उतरल्याचाच परिणाम. खालचं प्रावरण नेहमीच्या तापमानाचं असेल तर रस कमी निघतो, पण खालून एखादा गरम झरा, ज्याला प्लूम म्हणतेत, येत असेल तर लाव्हा भसाभसा निघतो. तो लाव्हा भेगेच्या दोन्ही बाजूला पसरतो, भेगेकडची जमीन बसत जाते म्हणून जुने थर जास्त कलतात, त्यावर नवा थर कमी कललेला, असा पंखा तयार होतो. जगात लोकांची बरीच वर्षं ह्यावर वादावादी चालली होती, हा गाळ आहे का लाव्हा, मी एकटाच काही येडा नव्हतो. १९८५ मध्ये नॉर्वेच्या समोर समुद्रात बोअर घेतला तेव्हा शेकडो मीटर बेसाल्ट निघाला आणि वाद मिटला.

आणि ह्या रसाचं अजून एक काम असतं जे पुस्तकात कधी येत नाही. थंड जाड पाटी नुसती ओढून तोडायला लागतं तेवढं बळ पृथ्वीकडं बहुतेक वेळा नसतंच. पण रस उभ्या भिंतीसारखा कवचात घुसला, ज्याला डाइक म्हणतेत, तर तो पाचरीचं काम करतो. लाकूड फोडताना पाचर ठोकली की कमी घावात ओंडका उलतो ना, तसंच. इथिओपियात अफार भागात सप्टेंबर २००५ मध्ये हे माणसांच्या डोळ्यादेखत झालं, साठेक किलोमीटर लांबीची डाइक जमिनीत घुसली आणि काही आठवड्यांत जमीन कुठंकुठं आठ मीटरपर्यंत सरकली. एरवी तिथं वर्षाला एखाद-दीड सेंटीमीटर चाल आहे, म्हंजे कित्येक शतकांची उधारी एका झटक्यात फेडली. पोरांना खंड फाटताना दाखवायचाच असेल तर केनियातला रस्ता सोडा आणि हे अफार दाखवा. तिथल्या दानाकिलच्या खोलगट भागात जमीन समुद्रसपाटीच्या शंभर मीटरहून जास्त खाली गेलीय, समुद्र अजून आत आला नाही एवढंच, तो शेजारी लाल समुद्रात थांबलाय.

सगळीकडं असा लाव्हा निघतोच असं नाही बरं का. स्पेन-पोर्तुगालच्या पश्चिमेला रस इतका कमी निघाला की कवच ताणून ताणून पार संपलं आणि खालचं प्रावरणच उघडं पडलं, समुद्राच्या तळाला. त्यात पाणी मुरून त्याचा हिरवट सर्पेंटाइन दगड झाला. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथं बोअर घेऊन तो वर काढला, आणि हा पट्टा थोडाथोडका नाही, शंभरएक किलोमीटर रुंदीचा आहे, ना धड खंड ना धड समुद्र. आम्ही कॉलेजात शिकलो ते चित्र साधं होतं, इकडं खंड, मध्ये रेघ, तिकडं समुद्र. ती रेघ कुठं मारायची ह्यावर अजून लोक भांडतेत आणि खरं सांगायचं तर माझ्या मते बऱ्याच ठिकाणी ती रेघ नाहीच.

आता आपल्याकडचं. आपला पश्चिम किनारा एका दमात तुटलेला नाही. आधी मादागास्कर सुटलं, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी. त्यावेळचा ज्वालामुखीचा दगड आजपण कर्नाटकात मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर खांबखांब उभा आहे, लोक फोटो काढायला जातेत. त्यानंतर ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, त्यातला बहुतेक दहा लाख वर्षांच्या आत, आणि त्यानंतर लवकरच, ६.३ कोटीच्या आसपास, सेशेल्सचा तुकडा तुटून निघून गेला आणि मध्ये अरबी समुद्राचा तळ तयार व्हायला लागला. आता सेशेल्स म्हणलं की लोकांना हनिमून आठवतो पण आम्हाला तिथला ग्रॅनाइट आठवतो. समुद्राच्या मध्यात ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, बेटं सहसा लाव्ह्याची नाहीतर पोवळ्याची असतात, ही खंडाची आहेत. राजस्थानातल्या मालाणीच्या खडकाचं वय पण तेच निघतं. एका भाकरीचे दोन तुकडे आहेत ते.

किनाऱ्याचा काठ तुटला की त्याच्या मागची बाजू उचलली जाते. गरम प्रावरण खालून आधार देतं, तुटलेल्या तुकड्यांचं ओझं कमी होतं, आणि पाटीचा काठ वर येतो. पुढं नद्या, पाऊस त्या काठाला कुरतडत मागं मागं नेतात. सह्याद्रीची जी सरळसोट भिंत आहे ती ह्यातूनच आलेली, तिला डोंगर म्हणणं पण तसं चूकच, इकडून मराठवाड्यातून गेलात तर चढ लागतच नाही, घाट लागतो तो उतरायला. आणि हा एक उतार लक्षात आला की गोदावरीचं कोडं सुटतं, गुरुजी. त्र्यंबकेश्वरला ती उगवते तिथून अरबी समुद्र ऐंशीएक किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. काठ पश्चिमेला उचललेला आहे, पाणी दुसरीकडं जाणार कुठं.

आणि पुढं जाऊन ती काय करते बघा. महाराष्ट्र सोडल्यावर प्राणहितेला भेटते तिथून खाली ती एका जुन्या खचदरीतनं वाहते, त्या खचदरीत जो गाळ आणि झाडपाला भरला त्याचा कोळसा झाला, सिंगरेणीच्या खाणी त्यातल्याच. ही खचदरी ताणली गेली पण तुटली नाही, अर्ध्यात राहिली. तिच्या टोकाला मात्र तुटलं, १३ कोटी वर्षांच्या आसपास भारत अंटार्क्टिकापासून सुटला आणि पूर्व किनारा झाला. नांदेडच्या घाटावरून गाळ जातो तो ह्या दुसऱ्या, जास्त जुन्या तुटक्या काठावर जाऊन बसतो, ज्याला आम्ही केजी बेसिन, म्हंजे कृष्णा-गोदावरीचं खोरं, म्हणायचो. मी निम्मी नोकरी त्याच गाळाखाली काय आहे ते बघण्यात घालवली. आमच्या आईला वाटायचं पोरगं लांब समुद्रात कायतरी करतंय.

राहिली किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. त्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे आणि ती फाटण्याशी जोडणं साहजिक आहे, पण ते उलटं आहे. फाटताना जमीन ओढली जाते, किल्लारीला जमीन दाबली गेली होती, भ्रंशाची एक बाजू दुसरीवर चढली. भारताची पाटी वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेला सरकते आणि आशियाला भिडलेली आहे, त्यामुळं पाटीच्या आत सगळीकडं दाब आहे, जुन्या कमजोर जागी तो कधीतरी सुटतो. भूकंपानंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतला, त्यात ३३८ मीटरवर आपला बेसाल्ट संपला, खाली सातआठ मीटर जुना गाळ आणि त्याच्याखाली नाइस नावाचा अतिप्राचीन खडक. सह्याद्रीकडं हाच लाव्हा दीड-दोन किलोमीटर जाड आहे आणि आपल्याकडं येईस्तोवर एवढाच. दाबाखाली असलेली पाटी फाटून समुद्र होत नसते, तेव्हा पोरांना सांगा मराठवाड्यात बंदर व्हायचं नाही, नाथसागरावरच भागवा.

वर्गात करायचं असेल तर तो पिठाचा प्रयोग करा, फक्त पीठ गार पाण्यात मळा, गरम पाण्यात मळलं तर ते जास्त चिवट होतं आणि साल चिरतच नाही, माझा नातवासमोर पचका झाला होता. आणि मुंबईला सहल काढलीत तर घाट उतरेपर्यंत दोन्ही बाजूच्या डोंगरांवरचे थर बघायला लावा, कसे पट्टी ठेवल्यासारखे आडवे आहेत ते. मग पनवेलच्या आसपास परत बघायला लावा. तिथं तेच थर समुद्राकडं झुकलेले दिसतील.